लाँड्रीत दगडाला पाझर फुटला

सकाळी दुकान उघडायच्या आधीच आमच्या लाँड्रीसमोर रांग लागली होती, आणि रांगेत एकाच्याही हातात मळका कपडा नव्हता. वाट्या होत्या, चमचे होते, एक बाई तर चक्क बादली घेऊन आली होती.

"दगड रडतोय म्हणे!" ती मला म्हणाली.

"रडतोय. पण बादलीभर रडण्याइतकं दुःख त्याला अजून झालेलं नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी नास्तिकच काय, तिची थकबाकीदारही असावे.

दगड खरोखरच रडत होता. धुलाईच्या खोलीत, कपडे उकळायच्या टाकीशेजारी, काकांनी स्टुलावर पितळी ताट ठेवलं होतं आणि ताटात नारळाएवढा गुळगुळीत गुलाबी गोळा. त्याच्या अंगावर थेंब जमायचे, घरंगळायचे आणि ताटात टप् करून पडायचे. टप् झालं की गर्दी "आहाहा" करायची. कोपऱ्यावरचा शिंपी तर प्रत्येक थेंबाला हात जोडत होता. तेवढ्या वेळात त्याचा एक कोट शिवून झाला असता.

गोळा घेऊन आलेले महाराज आमच्या एकुलत्या एका खुर्चीत रेशमी झगा सावरून बसले होते. दहा बोटांत दहा रंगांचे खडे.

"हा दगड नव्हे, भक्तहो! ग्रंथांतला चंद्रकांत मणी म्हणतात तो हाच. हिरा, माणिक, पाचू ही याची लेकरं. हा अविनाशी आहे! पृथ्वीचं काळीज आहे! तुमची पीडा याला बघवत नाही, म्हणून रडतो. चाखा, चाखा! अश्रू खारट असतात की नाही?"

"खारट! खारट!" म्हणत लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते.

"महाराज, मी एक दिवस दुकानात नेला होता," शिंपी चाचरत म्हणाला. "तिथे एक टिपूस गाळलं नाही हो त्याने."

"तुझ्याकडे सगळे नवे कपडे," महाराज डोळे मिटून म्हणाले. "जिथे माणसाचा मळ धुतला जातो, तिथेच याला रडू येतं."

उत्तर फक्कड होतं. मीसुद्धा मनातल्या मनात टाळी दिली.

पण माझं डोकं फिरलं होतं ते काकूमुळे. जिने जन्मात कुठल्या महाराजाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, ती काकू या दगडाची पहिल्या नंबरची भक्त झाली होती. गेला आठवडाभर सकाळी चमचे, दुपारी चमचे, संध्याकाळी ताट पुसूनसुद्धा घ्यायची. काका गहिवरून म्हणायचे, "उशिरा का होईना, तुझ्या काकूला श्रद्धा सुचली."

त्या दुपारी ती श्रद्धावान काकू इस्त्रीच्या टेबलाला धरून मटकन खाली बसली. पाय सुजलेले, चेहरा लाल. आम्ही तिला इस्त्रीच्या खोलीतल्या खाटेवर आडवं केलं आणि मी समोरच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंना ओढत आणलं. त्यांनी रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला. मग चष्मा काढला.

"मीठ खाताय?"

"शप्पथ! दाण्यालाही शिवले नाही," काकू म्हणाली.

"कशी शिवेल?" काकांनी शर्टातून दोरा बाहेर काढला. दोऱ्याला किल्ली होती. "मिठाचा डबाच कुलपात आहे. भाजी मी करतो. इतकी अळणी, की मांजरसुद्धा तोंड लावत नाही."

"मग हे मीठ येतंय कुठून? गोळ्या चालू असून हा आकडा! असंच चाललं तर एखाद दिवशी मेंदूत रक्तस्राव होईल, आणि तेव्हा मला बोलावून उपयोग नाही."

आई गेल्यावर मला काकूनेच वाढवलंय. तिच्याशिवाय हे घर मला नको होतं, दुकान नको होतं, काही नको होतं. मी इस्त्री हातात घेतली. माझं असंच आहे, घाबरले की इस्त्री करते.

टेबलावर एक काळा कोट होता. शिंप्याने भक्तीच्या भरात त्याच्या बाहीवर वाटीतले अश्रू सांडले होते. मी इस्त्री फिरवली, वाफ निघाली आणि बाहीवर पांढरी कड उमटली. ही कड मी रोज बघते. उन्हात राबणाऱ्यांच्या शर्टांवर काखेत हीच कड असते. घामातलं पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. मी बोट ओलं करून कडेला लावलं आणि जिभेवर टेकवलं.

"डॉक्टरीणबाई, जरा हे चाखता?"

त्यांनी चाखलं. शेजारच्या खोलीत टप् झालं, गर्दी "आहाहा" म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंना असं हसू फुटलं की खाटेचाच आधार घ्यावा लागला.

"अगं, सैंधव! प्राचीन समुद्र आटले, त्यांचं मीठ जमिनीखाली दडपलं गेलं आणि त्याचा दगड झाला. त्यात लोखंडाचा अंश असला की गुलाबी दिसतो. मीठ दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं ना, तसंच. तुमच्या या वाफेत तो रडणार नाही तर काय गाणं म्हणेल?"

"मी आत्ता जाऊन सांगते!"

"सांग, आणि मार खा. सांगू नकोस. दाखव."

मी धुलाईच्या खोलीत गेले आणि जमेल तेवढा भाबडा चेहरा केला.

"महाराज, हा अविनाशी आहे ना?"

"अविनाशी!"

"पाण्यानेही याला काही होत नाही?"

"प्रलयानेही होत नाही!"

"मग बिचारा किती दिवस रडतोय, अंगावर कपड्यांचा कोंडा बसलाय. एकदा न्हाऊ घालू या का?"

महाराजांचा एक डोळा उघडला. "स्नान... स्नान याला वर्ज्य आहे."

पण शिंपी उठला होता. "महाराज, एवढी सेवा तरी करू द्या!"

"न्हाऊ घाला! न्हाऊ घाला!" खोली दणाणली. भक्ती एकदा उतू गेली की ती महाराजांचंही ऐकत नाही. बादलीवाल्या बाईने टाकीतलं गरम पाणी बादलीत घेतलं. शेवटी तिच्या बादलीचं सोनं झालं. शिंप्याने गोळा नाजूक कपड्यांच्या जाळीच्या पिशवीत घातला, डोळे पुसले आणि मशीनमध्ये ठेवला. बाईने पाणी ओतलं. मी कळ दाबली.

धडाड, धडाड, ड्रम फिरायला लागला. लोक टाळ्या वाजवत ताल धरू लागले. थोड्या वेळाने धडाडचं धडधड झालं, मग खडखड, मग टकटक. आवाज बारीक होत होता आणि महाराजांची खुर्ची तेवढीच दाराकडे सरकत होती.

ड्रम थांबला. शिंप्याने पिशवी उघडली. आत लिंबाएवढा खडा.

"बाकीचा... बाकीचा कुठे गेला?"

"पाण्यात," दारातून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चाखा."

शिंप्याने बोट बुडवलं. "अश्रू," तो सवयीने म्हणाला. मग थांबला. पुन्हा चाखलं. "मीठ! अहो, हे तर मीठ!"

"मण्याने समाधी घेतली!" महाराज दारातून ओरडले, आणि खरं सांगते, दोघातिघांचे हात पुन्हा जुळायलाच आले होते.

"हिरा किंवा माणिक वर्षभर पाण्यात ठेवा, तसूभर झिजणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "महाराज, त्या अंगठ्या काढा बघू. त्यांनाही एक आंघोळ घालू."

महाराजांनी झगा गुडघ्यांपर्यंत उचलला आणि जे पळाले ते पळालेच. त्यांचे दुसरे दोन रेशमी झगे इस्त्री होऊन अजून आमच्याकडे टांगलेले आहेत. न्यायला कुणी आलेलं नाही.

संध्याकाळी मी काकूच्या उशाशी बसले. "वाईट वाटून घेऊ नकोस हं. तुला एकटीलाच नाही, सगळ्यांनाच फसवलं त्याने."

"मला?" काकू उठून बसली. "मला कोण फसवतंय! पहिल्या चमच्यालाच कळलं होतं सैंधव आहे म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर दुसरा चमचा कुणी दिला असता? तुझ्या काकांच्या हातचं एक दिवस जेवून बघ, तूही दगड चाटशील."

मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि हसता हसता मला रडूच फुटलं. "मेली असतीस ना गं!"

काकूने पदराने माझे डोळे पुसले. "हो. दुपारी पाय उचलेना, तेव्हा कळलं ते." मग तिने उशीखाली हात घातला आणि एक गुलाबी खडा माझ्या हातावर ठेवला. ड्रममधला उरलेला लिंबाएवढा तुकडा. गडबडीत पिशवी इस्त्रीच्या टेबलावर राहिली होती आणि टेबल खाटेला लागूनच होतं. "ने, पाण्यात टाक. माझ्यासमोर नको."

मी तो वाहत्या पाण्याखाली धरला, पार संपेपर्यंत.

मीठ वाईट नाही. चिमूटभर असेल तर जेवणाची लज्जत आहे, आणि दगड म्हणूनही त्याची गोष्ट महाराजांच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी आहे. आख्खा समुद्र आटलाय त्यात. पण त्या रांगेत जीभ प्रत्येकाला होती. चव प्रत्येकाने घेतली, आणि चव काय म्हणते ते ऐकायच्या आधी महाराज काय म्हणतात ते ऐकलं. ज्या एकीने जिभेचं ऐकलं, ती लोभापायी गप्प बसली. तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे: खारट लागलं की आधी मीठ म्हणा, आणि मोठ्याने म्हणा. अश्रू म्हणायला नंतर भरपूर सवड आहे.