बगळा आणि विमानवाली

शेजारपाजारी तिला विमानवाली म्हणायचे. नवरा मात्र तिच्या पेशाला वैतागला होता, कारण ती घरातही प्रत्येक गोष्ट परत वदवून घ्यायची. "दूध, साबण, बल्ब. परत म्हण." बल्ब राहिला की स्वारीला दारातून परत बोलावणं! विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमधली रीतच तशी. आपण सांगायचं, वैमानिकाने जसंच्या तसं परत म्हणायचं, आणि ते आपण कान देऊन ऐकायचं. सांगताना झालेली चूक पुष्कळदा ऐकताना सापडते.

टॉवरमध्ये खुर्च्या सहा, माणसं दोन. विमानवाली उतरणारी-उडणारी विमानं सांभाळायची. जमिनीवरची विमानं आणि गाड्या नानांकडे. उरलेल्या खुर्च्यांवर नानांचा डबा, स्वेटर आणि छत्री ऐसपैस बसत. माणसं मागितली की साहेब म्हणायचे, "ॲडजस्ट करून घ्या." गेल्याच आठवड्यात त्यांनी बजावलं होतं, बदली माणूस नसताना खुर्ची सोडाल तर नोटीस मिळेल.

त्या सकाळी, लागोपाठच्या कितव्यातरी डबल ड्यूटीत, धावपट्टीवर एक बगळा येऊन उभा राहिला.

नानांनी जीप पाठवली. जीप सरकली की बगळा चार पावलं पुढे, जीप थांबली की तोही थांबे. ड्रायव्हरने हॉर्न दाबला. बगळ्याने मान वळवून उशिरा आलेल्या कारकुनाकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"नाना, हे तर आपले साहेब!"

झालं. नाना खुदकन हसले आणि गप्प झाले, पण विमानवालीचं हसू काही थांबेना. पोट धरून, डोळे पुसत, ओठ चावत तिने पुढच्या विमानाला सांगितलं, "उतरायला परवानगी आहे."

"उतरायला परवानगी आहे," वैमानिकाने परत म्हटलं.

आपलंच वाक्य परक्या आवाजात कानावर आलं आणि तिचं हसू तुटलं. धावपट्टीवर जीप होती.

"उतरू नका! वर जा, फेरी घेऊन या!"

"वर जातो, फेरी घेतो."

विमान गर्जत डोक्यावरून निघून गेलं. ड्रायव्हर स्टिअरिंगखाली दडला. बगळा ढिम्म.

आणि विमानवालीला पुन्हा हसू आलं! तेव्हा मात्र ती घाबरली. जीपमधला माणूस मरता मरता वाचला आणि आपण हसतोय? हे डोकं थकलंय. तिने वरच्या विमानांना वेगवेगळ्या उंचीवर घिरट्या घालायला सांगितलं आणि साहेबांना फोन लावला. "मी उठतेय. तुम्ही या."

"पोरी, नोटीस!" नाना कळवळले.

"नोटीस कागदाची असते, नाना. विमान कागदाचं नसतं."

साहेब धापा टाकत जिना चढून आले. विमानं सांभाळायचा परवाना त्यांचाही होता, वर्षाकाठी मोजके तास बसून जिवंत ठेवलेला. विमानवालीने हेडफोन लगेच दिला नाही.

"तीन विमानं घिरट्या घालताहेत, उंच्या इथे लिहिल्यात. धावपट्टीवर एक जीप, एक बगळा. मघाची चूक माझी, ती मी लिहून देईन. आता परत म्हणा."

"अगं, मी तुझा साहेब आहे!"

"परत म्हणा."

"तीन विमानं. एक जीप."

"आणि?"

"एक बगळा," साहेब पडेल आवाजात म्हणाले. नाना स्वेटरमध्ये तोंड खुपसून हसत होते.

जीपला दाद न देणारा बगळा आपल्या मर्जीने उडाला. जीपही बाजूला झाली. साहेबांनी एकेक करून तिन्ही विमानं उतरवली. शर्ट पाठीला चिकटला. तोवर रडारच्या पडद्यावर आणखी चार ठिपके उगवले.

"रोज एवढी येतात?"

"आज कमीच आहेत," नाना म्हणाले.

साहेबांनी विमानं इकडे पाठवणाऱ्या शेजारच्या केंद्राचा फोन उचलला. "माणसं मिळेपर्यंत निम्मीच विमानं पाठवा. नाही. ॲडजस्ट होणार नाही! परत म्हणा."

विमानवाली छत्री बाजूला सारून दोन खुर्च्यांवर आडवी झाली होती. तिने एक डोळा उघडला.

"साहेब, माझी नोटीस?"

"झोप गपचूप," साहेब म्हणाले. "ती टाइप करायला तरी माणूस आहे का इथे?"