डब्यावर न छापलेला रस

मी एक जुनी काचेची बाटली आहे. पूर्णा स्टेशनाच्या मागे किशनरावांची लहानशी डेअरी आहे, तिथल्या फळीवर माझा मुक्काम. हल्ली माझ्यात फिनेल असतं. मित्रांनो, त्याचंही मला काही वाटत नाही. पण ब्याण्णव सालात माझ्यावरून जो घोळ झाला, तो आठवला की अजून माझं डोकं उठतं.

तेव्हा माझ्यात दूध थिजवणारा रस होता. कोमट दुधात माझे थोडे थेंब पडले की दूध खरवसासारखं घट्ट व्हायचं आणि त्याचं चीज बनायचं. पूर्वी असा रस कापलेल्या वासराच्या पोटातून काढत. माझा तसा नव्हता. शास्त्रज्ञांनी वासरातला दूध थिजवण्याचा तेवढा एक गुण बुरशीत उतरवला होता आणि ती बुरशीच टाकीत रस तयार करायची. व्यापाऱ्यानं किशनरावांना हे नीट समजावलं होतं. आणि या गृहस्थांनी चीजच्या डब्यावर काय छापलं? ‘दूध, मीठ.’ बस्स! मी काय हवेतून टपकले होते?

कासाबाई रोज डेअरीवर दूध घालायची आणि जाताना चीजचा तुकडा घरी न्यायची. तिचा नवरा उमाजी माळकरी. दात पडलेले, त्यामुळे ते मऊ चीज त्याला फार आवडायचं. एकदा बाजारात कुणीतरी म्हणालं, “चीजमंदी वासराचं आतडं घालतेत.” झालं! दुसरा म्हणाला रक्त, तिसरा म्हणाला चरबी. एकानं तर खाणाऱ्याला शिंगं फुटतात इथवर मजल नेली. फळीवर येऊन माझ्यावरचा कागद मात्र एकानंही पाहिला नाही. तो इंग्रजीत होता म्हणा, तेही मुंगीएवढ्या अक्षरांत.

किशनराव सगळ्यांना एकच सांगायचे, “काय न्हाई त्यात!” त्यांच्या या उत्तरानं मला जास्त चीड यायची. काही नाही, तर दूध थिजतं कशानं?

हळूहळू दूध येणं थांबलं. कासाबाईही येईना. एका सकाळी उमाजी स्वतः आला. गळ्यात माळ नव्हती.

“किशनराव, माळ उतरून ठिवली म्या,” तो म्हणाला. “खरं काय ते सांगा.”

किशनराव पुन्हा “काय न्हाई” म्हणणार, तोच त्यांची बायको पार्वतीबाई आतून आली. “अवो, माणूस माळ उतरून दारात उभा हाय. आता तरी बोला.”

तेव्हा किशनरावांनी मला फळीवरून उचललं, उमाजीसमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. बुरशी, वासराचा गुण, काहीही गाळलं नाही.

“वासरू मारलं का ह्यासाठी?”

“न्हाई काका.”

“मग हे आदी कामून सांगितलं न्हाई?”

“वाटलं, लोकायला कळायचं न्हाई. उगं भितील.”

उमाजीनं मला बाजूला सारलं. “कळंल का न्हाई ते आमी बघितलं असतं. खायाचं का न्हाई ते मी ठरीवलं असतं. तुमी माज्या तोंडात घास घातला अन् मला इचारलं न्हाई.”

त्याच आठवड्यात किशनरावांनी डब्यांसाठी नवे कागद छापून घेतले, मराठीत, ठळक अक्षरांत: ‘दूध, मीठ, बुरशीपासून केलेला रस. या बुरशीत वासराचा गुण घातला आहे.’ काही गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. उमाजीनं माळ पुन्हा घातली, पण चीजला परत हात लावला नाही. कासाबाई मात्र दूध घेऊन यायला लागली.

मित्रांनो, दुसऱ्याच्या ताटात वाढताना काय वाढता ते त्याला सांगा. तो खाईल किंवा ताट सरकवील, ती त्याची मर्जी. एका ओळीचं काम होतं हो! ती एक ओळ न छापल्यापायी एका म्हाताऱ्याला गळ्यातली माळ उतरवावी लागली.