वर मी, खाली बारक्या

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला धीर द्यायला नको. गॅस बंद केला तरी दोनदा बघते, लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, आणि फोन अवेळी वाजला की तो दुसऱ्याला उचलायला लावते. माझ्या भावाला मात्र भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही, असं सगळे म्हणतात. एकाच आईच्या पोटी अशी वाटणी कशी झाली कोण जाणे.

भाऊ म्हणजे बारक्या. लहानपणी किडकिडीत होता म्हणून हे नाव पडलं. आता दारातून आत येताना मान वाकवतो, तरी नाव तेच. त्यानं नाना धंदे करून पाहिले, एक ना धड भाराभर चिंध्या, आणि शेवटी घरं उचलणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली टिकला. घरं उचलणं म्हणजे खरंच उचलणं. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत जातात आणि जुनी घरं खड्ड्यात राहतात. मग पायापासून भिंती कापायच्या, खाली लोखंडी चॅनल आणि जॅक लावायचे, आणि पंखे-कपाटांसकट अख्खं घर वर घ्यायचं. ज्यानं पाहिलं नाही त्याला हे खोटं वाटेल. मी पाहिलं होतं, तरी मला खोटंच वाटायचं.

उस्तादाची पद्धत जुनी. प्रत्येक जॅकला एक माणूस, शिट्टी वाजली की सगळ्यांनी मिळून पाव फेरा द्यायचा आणि थांबायचं. बारक्याच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. तेलाचे जॅक आणायचे, सगळे एकाच पंपाला जोडायचे, दांडा मारला की घर आपोआप वर. उस्ताद म्हणाला, माणसाच्या हाताला वजन कळतं, तेलाला कळत नाही. झालं. शब्दाला शब्द वाढला आणि बारक्या काम सोडून आला. स्वतःचे जॅक घेतले, माणसं जमवली, पण घर कोण देणार? नवीन प्रयोगाचं कौतुक सगळ्यांना असतं, फक्त तो शेजाऱ्याच्या घरावर व्हावा. म्हणून तो माझ्याकडे आला.

आमचं घरही खड्ड्यातच होतं. रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून आत यावं लागे आणि गटार तुंबलं की पाणी आमच्याआधी घरात. आमचे हे शिलाई मशिनी दुरुस्त करतात, यंत्र म्हटलं की ह्यांना राहवत नाही. बारक्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत ह्यांनी होकार दिला. मी नाहीच म्हणत राहिले. शेवटी बारक्या म्हणाला, ताई, तूच दिलं नाहीस तर परक्यानं का द्यावं? मी चिडून म्हटलं, घे, कर एकदाचं वाटोळं. त्यातलं 'घे' तेवढं त्यानं ऐकलं.

पण एवढ्यावर भागलं नाही. समोरच्या बेकरीवाल्याचं दुकानही असंच खाली गेलेलं. तो म्हणाला होता, आधी तुमचं बघतो, मग माझं सांगतो. तो आणि त्याचे दोन ओळखीचे समोर उभे राहणार होते. उचलणाऱ्याची सख्खी बहीण गाठोडं घेऊन रस्त्यावर उभी दिसली तर कोण काम देईल? आत आपलं माणूस बसलेलं दिसलं पाहिजे, असं बारक्याचं म्हणणं. आमचे हे पंपावर हवे होते. राहिले मी. वरच्या खोलीत खिडकीशी बसायचं, लोकांना दिसेल असं. आणि जमलं तर जरा हसायचं.

त्या दिवशी मी खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी तिच्या कडा धरल्या. खालून पंपाचा आवाज येऊ लागला. सुरुवातीला काहीच कळेना. मग कपाटाचं दार हळूच आपोआप उघडलं. रस्त्यावरची माणसं खिडकीतून जरा खाली गेल्यासारखी दिसू लागली. घर वर येत होतं. बेकरीवाल्यानं मला हात केला. मी हसले असेन, आठवत नाही.

मग कोपऱ्यातून जाड कापड फाडल्यासारखा आवाज आला. खिडकीखालून एक तडा निघाला आणि माझ्या डोळ्यांदेखत जमिनीकडे गेला. आधी केसाएवढा, मग त्यात नख जाईल एवढा. ओरडले तर समोरच्या माणसांना कळणार, आणि बारक्याचा धंदा उभा राहायच्या आत बसणार, हे मला कळत होतं. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी धड होत होतं. पण तो या घराच्या पायाशी होता. मी सगळी लाज सोडून ओरडले.

पंप थांबला. बारक्या वर आला, तड्यापाशी बसला. आधी म्हणाला, प्लास्टर आहे, काही नाही. मी म्हटलं, मला शेंड्या लावू नकोस. तेव्हा त्यानं खरं सांगितलं. कोपऱ्यातला जॅक तेल सोडत होता. बाकी घर वर गेलं आणि तो कोपरा मागे राहिला. आता कुणीतरी खाली सरपटत जाऊन तिथे उस्तादाकडे असतो तसा हातानं फिरवायचा जॅक लावायला हवा. घर खाली घेणंही तेवढंच वाईट, आणि असंच ठेवता येत नव्हतं. कुणीतरी म्हणजे तोच. मी उतरून रस्त्यावर जाऊन उभं राहायचं, तो पाच मिनिटांत शिरून बाहेर येतो, असं त्यानं ठरवलंसुद्धा.

भीती फार झाली की मला राग येतो. तो तेव्हा आला.

"तू घराखाली शिरणार असशील तर मी इथून हलणार नाही."

"ताई, वेडेपणा करू नकोस. कोपरा बसला तर..."

"बसला तर तुझ्यावर बसेल, आणि मी त्याच्यासकट. आता कसं जायचं ते तू ठरव."

त्यानं तड्यात नख घालून पाहिलं. एवढा धिप्पाड माणूस, पण मला तो शाळेतून मार खाऊन आलेला बारक्याच दिसला.

"ताई, मला भीती वाटतेय."

"वाटू दे," मी म्हटलं. "भीत भीतच काम कर."

तो खाली गेला, पण एकदम आत शिरला नाही. त्यानं लाकडी ठोकळे आणवले. भिंतीच्या कडेपासून एकावर एक आडवे-उभे रचायचे, वरपर्यंत पाचर मारून घट्ट करायचे, मगच हातभर पुढे. रचलेल्या ठोकळ्यांच्या पलीकडे खांदासुद्धा घालायचा नाही. असं काम म्हणजे गोगलगायीची चाल. समोरचे दोघे कंटाळून निघून गेले. बेकरीवाला दुकानात जाई, पुन्हा येऊन बघे. मी वर बसून हातोड्याचा एकेक ठोका ऐकत होते. ठोके चालू असले की मी जिवंत, थांबले की मेले. थांबले की मी हाक मारी, बारक्या! खालून उत्तर येई, आहे.

ऊन खिडकीतून उतरत आलं आणि खाली काहीतरी फुटलं. माझी खुर्ची एका बाजूला कलली. कोपरा बसला, बोटभर बसला, आणि ठोकळ्यांवर टेकला. खोलीभर धूळ झाली. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मी खुर्चीवरून उठले आणि जमिनीला तोंड लावून ओरडले, जसं काही तो फरशीच्या आतच आहे.

"आहे," तो म्हणाला. आवाज बाहेरून आला, रस्त्याकडून. तो पुढचा ठोकळा आणायला गेला होता.

तो आधी ठरवल्यासारखा सरळ आत शिरला असता, तर त्या फुटलेल्या जॅकपाशीच आडवा पडलेला असता. आमचे हे यंत्रावर तासन्‌तास बोलतात, ते पंपाचा दांडा हातात धरून नुसते रडत होते.

मग ठोकळ्यांच्या आधारानं कोपऱ्यात नवा जॅक लागला आणि घर वर आलं. आता आम्ही पायऱ्या चढून आत येतो. बेकरीवाल्यानं काम दिलं, पण अट घातली, ताई वर बसणार असतील तरच. मी पिठाच्या पोत्यांवर बसले, तीही बेकरी वर आली. मग आणखी घरं आली आणि प्रत्येकाची अट तीच. जगातली सगळ्यात भित्री बाई लोकांना खात्री म्हणून हवी होती. लोक बारक्याला म्हणतात, धाडस केलंस म्हणून यश आलं. तोही चहाच्या कपावर तेच सांगतो, धोका पत्करल्याशिवाय काही मिळत नाही. मी वरून ऐकते. पंप चालू व्हायच्या आधी मी खिडकीतून विचारते, ठोकळे रचले का? रचले म्हणाला की बसते. प्रत्येक वेळी बसल्या जागेच्या कडा तशाच दोन्ही हातांनी धरते. सवय होते म्हणतात, ते साफ खोटं आहे.

परवा तो हसत आला. तीन मजली इमारत मिळाली होती. म्हणाला, या खेपेला तू येऊ नकोस, मालकाला मी समजावलंय, कशाला एवढे जिने चढतेस? मी म्हटलं, चढेन. तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यानं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, "अगं, ठोकळ्यांत फार वेळ जातो. आता हात बसलाय माझा. खरं सांगू, आता मला भीतीच वाटत नाही."

तडा गेला त्या दिवशीसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

आज सकाळी त्याची माणसं यायच्या आधी मी तिथे पोचले. कठडा धरून तिन्ही मजले चढले, रस्त्याकडची खिडकी उघडली आणि कुणाच्या तरी खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं बारक्या आला. मालकाशी बोलता बोलता त्याचं लक्ष वर गेलं. कमरेवर हात ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. मी उठले नाही. मग तो ट्रककडे गेला आणि माणसांना ठोकळे उतरवायला सांगितले.