पहिल्या रांगेतला भाऊ

लेसिएलीने समता मंडळात नाव घातलं त्या दिवशी मंडळाची सभा चहा गार व्हायच्या आत संपली.

मंडळाची खोली विद्यार्थी भवनाच्या मागच्या अंगाला, झेरॉक्सच्या दुकानाला लागून. पंखा होता, पण तो फिरायचा कमी आणि कण्हायचा जास्त. आत पाच-सात मुली. अध्यक्ष आकोसिता, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला, आवाज घोगरा आणि नाकावर कायम राग. तिने विषय काढला तोच दारातून एक धिप्पाड पोरगा आत आला. "मी पण समतावाला," म्हणाला आणि मागच्या बाकावर ऐसपैस बसला. त्याबरोबर खिडकीजवळची मुलगी उठली, पिशवी उचलली आणि मान खाली घालून निघून गेली. तो तिच्या मावशीचा मुलगा होता.

आमच्या टोंगात चुलत, मावस, आते, मामे असा भेद नाही, सगळे भाऊच. आणि भाऊ जिथे बसला असेल तिथे बहिणीने लाजेची गोष्ट तोंडातून काढायची नाही. एक तर विषय बदलायचा, नाही तर दोघांपैकी एकाने उठायचं. कोण उठतं ते तुम्हांला सांगायला नको. थोड्या वेळाने दुसरा पोरगा आला तशा आणखी दोघी गेल्या. तिसरा आला आणि खोलीत आकोसिता, लेसिएली आणि तिघे समतावाले उरले.

"पुढची सभा होडीत घेऊ या, भर समुद्रात," आकोसिता कपबशा आदळत म्हणाली. "तिथेही येईल म्हणा पोहत कुणाचा तरी भाऊ."

हे भाऊ आपण होऊन येत नव्हते. त्यांना पाठवत होता पेनिसिमानी, विद्यार्थी परिषदेचा सचिव. पोरगा हुशार, गोड बोलण्यात पटाईत, चर्चमध्ये पहिल्या सुरात गाणारा. त्याने मंडळाला कधी उघड विरोध केला नाही. तेवढी गरजच पडली नाही त्याला.

मंडळाचा विषय होता काव्ह्याच्या बैठकीचा. काव्हा म्हणजे मुळी कुटून पाण्यात कालवलेलं आमच्याकडचं मातकट पेय. दर सत्राला परिषद निधीसाठी अशी बैठक भरवते. पुरुष गोल करून बसतात, मधे लाकडी पात्र, आणि पात्रामागे एक अविवाहित मुलगी. करवंटीने काव्हा वाढायचा, सगळ्यांची थट्टा ऐकायची आणि हसायचं. तिला तोउआ म्हणतात. प्रथा जुनी, आणि तिच्यात एक शहाणपणही होतं. तोउआचा भाऊ गोलात बसलेला चालत नाही, म्हणजे कुणाच्याही बहिणीची थट्टा तिच्या भावादेखत होत नाही. आता मात्र परिषद पहिल्या वर्षाच्या मुलींना पाळीच लावून द्यायची. नको म्हणणारीला पुढे वसतिगृहात खोली मिळायला कशी कोण जाणे अडचण यायची.

मंडळात येण्याआधी लेसिएलीची काव्हा वाढायची पाळी लागली तेव्हा तिचा सख्खा भाऊ मोसेसे, शेतकी शाखेचा, त्याला पेनिसिमानीने कसल्याशा कामासाठी दूरच्या मळ्यावर पाठवून दिलं. प्रथा अगदी काटेकोर पाळली. त्या दिवशी गोलात एक मोठा पाहुणा होता, ज्याच्या पैशाने सभागृहावर नवं छप्पर चढलं तो कंत्राटदार. तो सरकत सरकत पात्राजवळ आला आणि त्याने लेसिएलीच्या मांडीवर हात ठेवला. ती बाजूला व्हायला लागली तेव्हा त्याने हात दाबून धरला. काव्हा पिऊन माणूस सुस्तावतो, त्याची शुद्ध जात नाही, तेव्हा नशेत होता ही सबबसुद्धा त्याला नव्हती. गोल हसत होता. लेसिएली दुसऱ्या हाताने काव्हा वाढत राहिली, कारण पात्र सोडून तोउआ उठली तर बैठक मोडते आणि तिच्या घराण्याचं नाव निघतं.

दुसऱ्या दिवशी ती पेनिसिमानीकडे गेली.

"अगं, तोउआची थट्टा नाही करायची तर काय पाद्रीबुवांची करायची?" तो हसत म्हणाला. "मोठा माणूस आहे. तुला आवडीने जवळ बसवलं. मनावर घेऊ नकोस, बहिणाबाई."

त्याच 'बहिणाबाई'वर चिडून ती समता मंडळाच्या खोलीत गेली होती.

आकोसिताने तिला सगळं नीट समजावलं. सर्वसाधारण सभेत ठराव मांडायचा, की मुलींना बैठकीला बसवणं बंद. पण नाव नसलेल्या तक्रारी याआधी केराच्या टोपलीत गेल्या होत्या. जिच्यावर बेतलं तिने सभेत उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगितलं तरच ठराव मताला जाणार, असा परिषदेचा नियम. नियम करणाऱ्याला आमची प्रथा पाठ असणार.

"बोलशील?" आकोसिताने विचारलं.

"बोलेन," लेसिएली म्हणाली. त्या वेळी ते तिला सोपं वाटलं.

शनिवारी ती घरी गेली. ओसरीवर ती आणि तिची आई आमेलिया रविवारच्या जेवणाची तयारी करत होत्या. अळूच्या पानांत मटणाचे तुकडे, कांदा, वरून नारळाचं घट्ट दूध, आणि पुरचुंड्या बांधून जमिनीतल्या भट्टीसाठी ठेवायच्या. घरातल्या सगळ्यांत चांगल्या चटईवर लोसालिने आत्या बसली होती. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण, आणि आमच्यात तिच्या शब्दापुढे कुणाचं चालत नाही. बाप तिच्यासमोर खालच्या पायरीवर हात बांधून बसतो. वयात आलेले भाऊ-बहीण एका छपराखाली निजत नाहीत, म्हणून मोसेसे मागच्या झोपडीत निजायचा. त्याचं ताट आई तिकडेच नेऊन द्यायची.

"ते समताबिमता काय काढलंयस म्हणे?" आत्याने विचारलं.

"मंडळ आहे, आत्या. मुलींचं."

"कशाला हवं? अगं, आपल्याकडे बहीण भावाच्या वर! मी आले की तुझा बाप खुर्चीवरून उठतो. लग्न असो, मयत असो, पहिला मान माझा. तुझ्या भावालाही तुझा शब्द मोडता यायचा नाही. एवढं त्या गोऱ्यांच्या बायकांना तरी मिळतं का?"

"मान आहे, आत्या. पण बोलता येत नाही."

"मानाच्या माणसाने बोलायचं कशाला?" आत्या म्हणाली, आणि आपल्या बोलण्यावर खूष होऊन तिने पाय लांब केले.

मला अशा वेळी हसावं की रडावं तेच कळत नाही. देव्हाऱ्यात बसवायचं आणि तोंडाला कुलूप घालायचं, वर विचारायचं, आणखी काय हवं? नवऱ्याच्या बहिणीसमोर बायकोला घरात आवाज नसतो. आमेलिया पुरचुंड्या बांधत राहिली.

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. ठरावाची वेळ आली तसा पेनिसिमानी बाजूच्या दाराने आत आला, आणि त्याने हाताला धरून मोसेसेला आणलं. बसच्या सहलीचं बोलणं आहे असं त्याला सांगितलं होतं. मोसेसे स्वभावाने गरीब. पायाला मळ्याची माती तशीच, पहिल्या रांगेत मधोमध बसवला तिथे बसला.

लेसिएली माईकसमोर गेली. तिने समोर मोसेसेला पाहिलं आणि माईक धरून नुसतीच उभी राहिली. सभागृहाला सगळं समजलं. मागे कुणीतरी खुसखुसलं. आकोसिता जागेवरून अर्धी उठली होती. पण तिला करण्यासारखं काहीच नव्हतं.

"बोला ना, लेसिएली," पेनिसिमानी मंचावरून म्हणाला. "लाजू नका. सगळी घरचीच माणसं आहेत."

मोसेसेच्या आता ध्यानात आलं. त्याचा चेहरा पडला आणि तो घाईघाईने उठायला लागला. तो गेला असता तरी उपयोग नव्हता. मागे तिसऱ्या रांगेत दोन मावसभाऊ होते, दारात एक चुलतभाऊ उभा होता. पेनिसिमानीने कच्चं काम केलंच नव्हतं.

"मोसेसे, बस."

लेसिएलीचा आवाज चिरका आला. मोसेसे तसाच वाकून थांबला.

"बस म्हणतेय ना. बहीण भावाच्या वर असते, तिचा शब्द मोडायचा नसतो, हे जन्मापासून ऐकतोय आपण दोघं. आज मी पहिल्यांदा काही सांगतेय तुला. बस आणि ऐक. आणि ह्या सभेत माझे आणखी जेवढे भाऊ असतील, त्यांनीही खाली बसा. कुणी उठायचं नाही."

मोसेसे बसला. प्रथेनेच त्याला बसवलं. मग लेसिएलीने सगळं सांगितलं. पाहुणा कुठे बसला होता, हात कुठे होता, कोण कोण हसलं, दुसऱ्या दिवशी सचिव काय म्हणाला. मोसेसेने संपूर्ण वेळ मान वर केली नाही. त्याचे कान लालबुंद झाले होते.

तुम्हांला वाटेल, टाळ्या पडल्या. टाळ्या बऱ्याच पडल्या, मुलींच्या बाकांवरून. पण लगेच एक जण उठला आणि त्याने हरकत घेतली, भावादेखत अशी भाषा वापरून सभेचा आणि टोंगाच्या संस्कृतीचा अपमान झालाय. मग त्यावर दुसरा बोलला, मग तिसरा. बाकीचा सगळा वेळ त्या अपमानात गेला. हाताबद्दल कुणी बोललंच नाही. शेवटी पेनिसिमानीने ठराव 'अधिक विचारासाठी' ठेवून दिला, आणि त्याच आठवड्यात कंत्राटदाराला पुढच्या बैठकीचं आमंत्रण गेलं. आकोसिताने ते फलकावरून फाडलं. परिषदेने फलक खराब केल्याबद्दल तिलाच समज दिली.

घरून बोलावणं आलं. रविवारी चर्च सुटल्यावर सगळे जमले, चर्चला जाताना मानासाठी कमरेला गुंडाळायच्या चटया तशाच. आत्या, बाप, दोन काका. मोसेसे दारात उंबऱ्याबाहेर बसला. लेसिएलीने भावासमोर जमिनीवर बसून, डोकं टेकवून माफी मागायची असं ठरलं होतं.

"माईकवरून!" मोठा काका म्हणाला. "भावासमोर! मांडी म्हणालीस म्हणे तू? हा शब्द?"

"मी चर्चमध्ये तोंड कसं दाखवू?" बाप म्हणाला. "आज कुणी माझ्या शेजारी बसलं नाही."

"माझाच शब्द माझ्याच तोंडावर मारलास तू त्या सभेत," आत्या म्हणाली. "चल, बस खाली. आटोप."

लेसिएली उभीच राहिली.

"मी नाही मागणार माफी."

"काय?"

"नाही मागणार. मी काय बोलले, कुणासमोर बोलले, कुठला शब्द वापरला, सगळं विचारून झालं तुमचं. त्या माणसाने काय केलं, ते तुमच्यातल्या एकाने तरी विचारलं का? बाबा, तुम्ही विचारलंत? काका?" तिला आता हुंदका आवरेना, आणि त्याचाही तिला संताप आला. "त्याला माफी मागायला कुणी बोलावलंय का? मी मोसेसेचा मान ठेवला नाही म्हणता. माझ्या मानेवर हा जो मान ठेवलाय, तो काय कामाचा?"

बापाने चटईचा सुटलेला धागा धरला आणि ओढत बसला. दारात मोसेसे चुळबुळला. बाहेर भट्टीवरची माती कुणी उकरली नव्हती, जेवण आत करपत असावं.

"किती वेळ धरला होता हात?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. आमेलिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आमेलिया!" आत्या ओरडली. "पोरगा बसलाय दारात!"

"बसू दे. त्याने सभेत ऐकलंय, घरात ऐकायला काय झालं?" आमेलिया पुढे आली. इतक्या वर्षांत ती ह्या खोलीत मधोमध कधी उभी राहिली नव्हती. "सांग, पोरी. सगळं सांग. मला कुणी सांगितलंच नाही अजून. तू माफी मागायची एवढंच सांगितलं."

लेसिएलीने सांगितलं. आत्या मधेच उठून अंगणात गेली, तिच्यामागे काका गेले. बाप गेला नाही. आमेलियाने शेवटपर्यंत ऐकलं आणि पोरीचे डोळे आपल्या लांब बाहीने पुसले.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "त्या सचिवाच्या ऑफिसात. तो माझे किती भाऊ बोलावतोय ते बघू. मी लांबच्या बेटावरून लग्न होऊन आले, इथे माझा एकही भाऊ नाही. आजवर त्याचंच वाईट वाटायचं मला."

"लोक काय म्हणतील, आमेलिया?" बाप पुटपुटला.

"लोकांना सांगा, आई विचारायला गेलीय."

परिषद तिचं ऐकेल की नाही, मी सांगू शकत नाही. परिषदेला ऐकायची सवय नाही, आणि कंत्राटदाराचं छप्पर अजून नवं आहे. पण सोमवारी सकाळच्या बसमध्ये आमेलिया चढली तेव्हा तिच्यामागून शेजारची एक बाई चढली, जिची मुलगी पुढच्या वर्षी विद्यापीठात जाणार आहे. कुठे निघालीस, असं तिने आमेलियाला विचारलं. आमेलियाने भरल्या बसमध्ये, मोठ्याने, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.