घंटेखालचं रडणं

इडोनियाला मीच वाढवलं आणि तिचं बाळंतपणही माझ्याच हातून झालं. गढी, गिरणी, कुरणं, सगळं तिच्या माहेरचं. आमचे धनी सर इन्ग्रम म्हणजे घरजावईच, फक्त तोंडावर कुणी म्हणत नसे.

आमच्याकडे कायदा असा: बायको गेली तर तिच्या जमिनीवर नवरा मरेपर्यंत राहतो, पण मूल जिवंत जन्मायला हवं आणि त्याचं रडणं चार भिंतींच्या आतून पुरुषांनी ऐकायला हवं. बायकांच्या साक्षीला किंमत नाही. ज्यांना बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी, त्यांनीच म्हणे ऐकायचं. हा नियम करणाऱ्याला कोणत्या आईनं जन्म दिला, कोण जाणे.

इडोनिया दोन दिवस अडली होती. रीतीप्रमाणे तिच्या सुटकेसाठी धन्यांनी देवघराची घंटा वाजवायला घेतली. दुसऱ्यावर भरवसा नाही, म्हणून दोर स्वतःच धरला. गावातले पुरुष तिथेच प्रार्थनेला गुडघे टेकून बसले.

मुलगा झाला. तीनदा रडला. मी डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घालून त्याचं नाव ठेवलं, तोवर तो गेलाच. मग तीही गेली. घंटा चालूच होती.

इडोनियाच्या भावानं, फुल्कनं, जमिनीवर दावा लावला. त्या दिवशी घंटेखाली बसलेल्यांपैकी बारा जण न्यायाधीशासमोर शपथेला उभे राहिले. सायमन लोहार धन्यांचं मीठ खाल्लेला. तो मान खाली घालून म्हणाला, "शपथ घेतलीय धनी, खोटं कसं बोलू? मला घंटाच ऐकू आली." बाकीचे अकराही तेच म्हणाले.

मी उठले. कारकून म्हणाला, "बाई, खाली बसा." बसले. काय करते?

बाहेर पडताना फुल्क म्हणाला, "दाजी, घंटा मात्र झकास वाजवलीत."

गढी सोडायच्या दिवशी धनी बाळंतिणीच्या खोलीत आले. फुल्कच्या माणसांनी पलंगसुद्धा नेला होता.

"हाविस, कसा रडला तो? करून दाखव."

म्हातारपणी असलं काही करायला मला लाज वाटली, पण केलं. तीनदा, तसंच बारीक.

"एवढंच?"

"एवढंच, धनी."

ते बाहेर जिन्यात गेले आणि दार ओढून घेतलं. "आता पुन्हा कर."

मी पुन्हा रडले. या वेळी मला थांबता येईना. बराच वेळ दार उघडलं नाही.

"ऐकू आलं," ते बाहेरून म्हणाले.