बायकोचा कायमचा पत्ता

मिलानचा रुजेरो पेन्शनर माणूस, आणि पक्का कवडीचुंबक. समुद्राकाठच्या एका गावात त्याचं सुट्टीचं घर होतं. राहत्या घराला कर माफ, सुट्टीच्या घराला भरमसाट. मग या पठ्ठ्यानं काय करावं? ते घर बायकोच्या, ओर्नेल्लाच्या, नावावर केलं आणि ती तिथंच राहते असं नगरपालिकेला लिहून दिलं. नवराबायको खरोखर वेगळे राहत असतील तर दोन्ही घरांना माफी, असा कायदा. सहा वर्षं ओर्नेल्ला कागदावर समुद्राकाठी राहिली आणि मिलानला त्याच्यासाठी रिसोत्तोचा भात ढवळत राहिली. रिकाम्या घराला विजेचं बिल यावं म्हणून तिकडे फ्रिज चालू ठेवलेला, आत एक लिंबू.

नोव्हेंबरात बातमी आली, नगरपालिकेचा पोलीस घरोघर जाऊन कोण खरं राहतं ते बघणार. खोटं निघालं तर पाच वर्षांचा कर, वर दंड. रुजेरोनं लगेच ओर्नेल्लाला तिकडे नेऊन सोडलं.

"पोलीस येऊन जाईपर्यंत राहा गं. महिनाभराचा तर प्रश्न."

जानेवारी उजाडला तरी पोलिसाचा पत्ता नाही. उकडलेले बटाटे खाऊन रुजेरोचा जीव विटला. शेवटी एका शनिवारी तो गाडी घेऊन बायकोला आणायला गेला. तिची बॅग त्यानंच भरली, खाली आणून गाडीत ठेवली, आणि वळून बघतो तर पोलीस.

"बॅग कुठे निघाली?"

"निघाली कुठे? आली," रुजेरो म्हणाला. "ही चार दिवस माझ्याकडे पाहुणी आली होती. पोचवायला आलोय." आणि तीन जिने चढून त्यानं बॅग परत वर नेली.

पोलीसही मागोमाग वर आला. "म्हणजे बाई तुमच्याजवळ राहत नाहीत?"

"छे हो. हिचा सगळा जीव इथे. डॉक्टर इथला, गुरुवारी चर्चमध्ये गाण्याची तालीम. आणि खरं सांगू का, आमचं पटत नाही. मी घोरतो, टोमणे मारतो, मिठावरून कटकट करतो. कोण राहील माझ्याजवळ?"

पोलिसानं ओर्नेल्लाकडे पाहिलं. "खरं आहे का, बाई?"

"शब्द न् शब्द," ती म्हणाली.

त्यानं शेरा लिहिला, सही घेतली आणि गेला. रुजेरोला स्वर्ग दोन बोटं उरला. "वाचलो बाबा. चल, बॅग घे."

ओर्नेल्लानं बॅग उघडली होती. एकेक कपडा ती कपाटात लावत होती.

"हे काय चाललंय?"

"लावतेय. इथंच राहते ना मी."

"अगं, ते त्याला सांगायला होतं."

"सांगितलंस त्याला, ऐकलं मी. इतक्या वर्षांत स्वतःबद्दल इतकं खरं पहिल्यांदाच बोललास."

रुजेरोला भांडायचं होतं. पण भांडून जायचं कुठे? ही माझ्याजवळच राहते असं म्हटलं, की माफी गेलीच. त्याला रडू येत होतं.

"अंधार पडायच्या आत निघ," ओर्नेल्ला म्हणाली. मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं. "नाहीतर थांब, जेवूनच जा. एवढ्या लांबून आलास."