तळाचा फुगवटा

सासऱ्यांची चूक सासऱ्यांनाच कशी दाखवायची, हा प्रश्न दिपालीला पडला तेव्हा ती बोटीच्या तळाखाली उताणी झोपलेली होती.

सासरे वैजनाथमामा म्हणजे कुणी सोम्यागोम्या नव्हते. साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटर. त्यांचा हात लागलेलं यंत्र पुन्हा बिघडलं, असं सांगणारा माणूस राहुरीच्या बाजूला सापडला नसता. नगरच्या एका डॉक्टरांची पंधरा फुटी फायबरची बोट कैक वर्षं शेडमध्ये धूळ खात पडली होती. डॉक्टरांनी ती मामांना देऊनच टाकली. तळाला मागच्या अंगाला हातभर तडा होता. मामांनी तो महिनाभर खपून फायबरच्या थरांनी बुजवला, मागचं इंजिन उघडून जोडलं आणि मुळा धरणाच्या पाण्यावर हौशी मंडळींना फिरवायचा परवाना काढला. बोट सुनेनं चालवायची आणि देखभाल मामांनी करायची, असं ठरलं.

दिपाली शेवगावकडची. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे, आणि लग्नाआधीच ती ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर बिनघोर चालवायची. त्यामुळे बोटीचं चाक हातात घेताना तिला भीती अशी वाटली नाही. पण पाण्यात गेल्यावर बोट काही तिचं ऐकेना. वेग दिला की नाक आभाळाकडे जायचं, शेपूट पाण्यात रुतायचं, आणि बोट नांगराला जुंपल्यासारखी पाणी फाडत राहायची. डॉक्टर म्हणाले होते, ठरावीक वेगाला ही पाण्यावर चढते, मग लोण्यावरून सुरी फिरावी तशी पळते. ते काही दिसेना.

तिनं एक गोष्ट ओळखली. ट्रॉलीचं वजन मागं पडलं की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. बोटीत बॅटरी आणि पेट्रोलची टाकी, दोन्ही पार मागं होती. मामांना विचारून तिनं ती बाकाखाली पुढं सरकवली. फरक पडला. बोट पाण्यावर चढू लागली, पण चढली की उड्या मारायची. नाक वर, नाक खाली, पुन्हा वर. माणसं बाक घट्ट धरून बसायची.

गुरुवारी तर वळण घेताना इंजिन एकदम किंचाळलं, इंजिनाखालच्या पंख्याची पाण्यावरची पकड सुटली आणि बोट आडवी घसरली. आत मामा होते, शेजारचा पुंजाराम होता. अंगावर लाइफ जॅकेटं होती, कुणाला काही झालं नाही. पण काठावर आल्यावर मामा पुंजारामाच्या देखत म्हणाले, "हात जड हाय तिचा. रविवारी माझा पुतण्या अंगद येतोय श्रीरामपुरवरनं. त्यालाच चालवू दे."

पुंजाराम जन्मभर मासेमारी केलेला माणूस. त्याच्यासमोर हे ऐकणं दिपालीला जास्त लागलं.

दिपाली घरी आली, भाकरी केल्या, वाढल्या. जड हात म्हणे. ट्रॉल्या उलट्या घेताना कधी बांधाला चाक लागलं नव्हतं तिचं. शुक्रवारी मामा बाजाराला गेल्यावर ती ठोकळ्यांवर ठेवलेल्या बोटीखाली शिरली. गवंड्याकडून मागून आणलेली ॲल्युमिनियमची सरळ पट्टी तिनं तळाला लांबीनं लावली. पट्टी मधे टेकली आणि दोन्ही टोकांना उजेड दिसला. मामांनी तडा बुजवला होता नेमका तिथं, बोटाच्या अर्ध्या पेराएवढा फुगवटा होता. बरोबर पंख्याच्या पुढं. त्या उंचवट्यावर बोट डुलत होती, आणि तिथलंच फेसाळलेलं पाणी वळणावर पंख्याला मिळत होतं.

मामा आले तेव्हा ती तशीच खाली होती.

"काय करतीस गं?"

"मामा, जरा खाली येऊन बघता का? माझी नजर चुकत असंल."

गुडघे धरत मामा खाली वाकले, आडवे झाले. पट्टी त्यांनी तिच्या हातातून घेतली. एकदा लावली. मग दोन बोटं सरकवून पुन्हा लावली. मग तडा बुजवलेल्या जागेवर तळहात फिरवला, सावकाश, ताप बघावा तसा.

दिपालीला वाटलं, आता ते उठून निघून जातील.

"चौतीस वर्सं पोरांना सांगितलं," मामा म्हणाले, "डोळ्यावर इस्वास ठिवू नका, पट्टी लावा. आन् मी हाताच्या अंदाजानं थर चढिवले. जास्त बळकट व्हावं म्हनून."

"बळकट झालंय मामा. एक थेंब आत येत न्हाई."

"व्हय. पर चालंना." ते थोडं हसले. "तुजा हात जड न्हाई पोरी. माझाच जड पडला."

शनिवारी दिवसभर दोघांनी तो फुगवटा घासला. मशीन मामांच्या हातात, पट्टी दिपालीच्या. ती खूण करायची, ते घासायचे. ती म्हणायची थांबा, की ते थांबायचे. तोंडाला फडकी बांधलेली, अंगभर पांढरी भुकटी. पुंजाराम बघायला आला, तेव्हा त्यानं विचारायच्या आधीच मामा म्हणाले, "चूक माझी हुती रं. ही उगंच बोलणी खाऊन बसली." मग पातळ एकच थर, त्यावर पुन्हा पट्टी. या खेपेला कुठंच उजेड नव्हता.

थर वाळायला दोन दिवस दिले. रविवारी अंगद आला, त्यानं ठोकळ्यांवरची बोट पाहिली आणि चालवायचं नावही काढलं नाही.

मंगळवारी सकाळी वारा पडलेला होता. दिपालीनं वेग दिला. नाक थोडं वर आलं, मागून कुणीतरी खांद्यावर घेतल्यासारखी बोट उचलली गेली आणि नाक आपोआप खाली बसलं. उडी नाही, धक्का नाही. तळाखालचा खळखळाट गेला आणि पाणी नुसतं सळसळू लागलं. तिनं डावं वळण घेतलं, मग उजवं. पंख्यानं पकड सोडली नाही. बोट वाकली आणि गोल फिरून सरळ झाली.

तिनं मागं पाहिलं. मामांची टोपी हातात होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, वेगाच्या वाऱ्यानं म्हणा.

"मामा, चालवता?"

"मला कुठं येतं?"

"शिकवते की."

ते चाकामागं बसले. पहिलं वळण त्यांनी इतकं मोठं घेतलं की अर्धं धरण फिरून झालं. दिपाली शेजारी बसून सांगत होती, हात सैल सोडा, बोटीला जाऊ द्या. आणि ते ऐकत होते.